खाडा

मालन गेल्यावर चौदाव्या दिवशी
आक्काताई चौगुले आल्या, उंबऱ्याबाहेर थांबल्या,
चपला काढल्या नाहीत.
"भाऊजी, आत्ता बोलू नये. पण चार हजार होते."
मग जैबुनभाभी.
त्यांनी आकडा सांगितला नाही, म्हणाल्या,
मालनला ठाऊक होतं.
मग भिशीवाली, वहीसकट.

मी उद्यमनगरात एकतीस वर्षं लेथवर.
शाफ्टच्या व्यासात केसाएवढा फरक पडला
तर बोटाला कळतो.
घरातलं मात्र
लोक दारात आल्यावर कळलं.

कसबा बावड्याला, कोर्टासमोर,
मगदूम वकील टपरीवर कटवडा खात होते.
"कागदावर सही आहे तुमची? जामीन राहिलाय?"
नाही.
"मग तुम्ही देणं लागत नाही.
नवरा म्हणून कुणी जामीनदार होत नसतो, मामा.
तिच्या मागं जे राहिलं, तेवढ्यापुरतंच मागता येतं.
काय राहिलंय तिच्या नावावर?"

मी आठवून सांगितलं:
शिलाई मशीन, पट्टा तुटलेला.
हुपरीचं एक पैंजण. दुसरं कुठं गेलं माहीत नाही.
सहा साड्या,
त्यातली एक तिच्यासोबतच गेली, म्हणजे पाच.
वकील हसले. "झालं तर. झोपा निवांत."
फी घेतली नाही.
वड्याचे पैसे मी दिले.

रात्री झोप येईना म्हणून
भिंतीवरनं दुधाचं कॅलेंडर काढलं.
एक लिटर. अर्धा. अर्धा. खाडा.
खाड्याच्या चौकटीत, पेन्सिलीनं, मुंगीएवढं:
आ. ४०००. जै. १५००. भि.
त्याच्या मागं मागच्या सालाचं कॅलेंडर,
त्याच्या मागं आणखी एक.
एकाच खिळ्याला तिनं सगळी सालं अडकवली होती.
मला वाटायचं, भिंतीला पोपडे आलेत, ते झाकलेत.

त्या साली शेठनं शटर ओढलं श्रावणात,
उघडलं शिमग्याला.
सात महिने मी घरात पगार दिला नव्हता.
सात महिने ताटात भाकरी होती,
कधीमधी रविवारी पाव किलो मटण.
एका रविवारी रस्सा पातळ म्हणून
मी ताट सरकवलं होतं.
तारीख शोधली. सापडली.
जै. ५००.

मगदूम वकिलांनी सही कुणाची ते विचारलं होतं.
जेवलं कोण, ते विचारलं नव्हतं,
मीही सांगितलं नव्हतं.

आक्काताईंचे दोन हप्त्यांत फेडले.
दुसऱ्या हप्त्याला त्या चप्पल काढून आत आल्या,
मालनच्या फोटोकडं न बघता चहा प्याल्या.
जैबुनभाभी नको नको म्हणाल्या,
मग घेतले, मोजले नाहीत.
भिशीवालीनं व्याज लावलं.
भांडलो तिच्याशी, गल्ली गोळा झाली. तेही दिलं.
पोरगा पुण्याहून फोनवर ओरडला,
"पप्पा, कायद्यानं लागत नाही!"
व्हय, म्हटलं, लागत नाही.

एवढ्यात सगळं मिटायला हवं होतं.
पण मार्गशीर्षातल्या एका खाड्यात
का. ७००
असं लिहिलंय, भोवती गोल.

का. म्हणजे कोण?
कमल असती तर क. लिहिलं असतं.
काशीबाईंना विचारलं, त्या नाही म्हणाल्या.
कासारणीला विचारलं, तिनं उलट मलाच
दोन डझन बांगड्यांची उधारी सांगितली. दिली.
यादवनगरच्या नळावर, रेशनच्या रांगेत,
बायकांना विचारत फिरलो. हसतात थोड्या.
आणि घेतलेले की दिलेले,
तेही तिनं लिहिलेलं नाही.

सातशे रुपये वरच्या खिशात आहेत.
शर्ट धुवायला टाकताना काढतो,
दुसऱ्या शर्टात घालतो.
आधी खिसे तीच तपासायची.